सुगंध आणि पाक : फुलांच्या व मसाल्यांच्या घरगुती सरबतांची मीमांसा

विषयप्रवेश

सरबत हा शब्द मराठीत फारसीच्या मार्गाने आला. त्याचे मूळ पिणे या अर्थाच्या अरबी धातूत असून शराब आणि सिरप हे शब्दही त्याच धातूपासून निघाले आहेत. संस्कृतातील पानक या संज्ञेतही पिण्याचाच अर्थ आहे. मराठी घरांत मात्र सरबत या एका शब्दाने दोन निरनिराळ्या वस्तूंचा बोध होतो. पेल्यातून पाहुण्यापुढे येणारे पेय हे सरबत. आणि ज्यात आयत्या वेळी पाणी मिसळून ते पेय सिद्ध करतात, तो बाटलीत भरून ठेवलेला दाट व सुवासिक पाकही सरबतच. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या पदार्थाचा, म्हणजे सरबताच्या पाकाचा, विचार करावयाचा आहे.

साखर, पाणी आणि एखादे फूल अथवा मसाला एवढीच सामग्री लागत असल्यामुळे ही कृती वरकरणी अगदी सोपी वाटते. अनुभव मात्र वेगळा असतो. तोच हात, तेच माप आणि तीच चूल असूनही गुलाबाचे सरबत साधते आणि मोगऱ्याचे फसते. एक बाटली वर्षभर निर्मळ राहते, तर दुसरी पंधरा दिवसांत फसफसू लागते. घरोघरी चालत आलेल्या कृतींत प्रमाण सांगितलेले असते, क्रमही सांगितलेला असतो; कारण मात्र क्वचितच सांगितलेले असते. परिस्थिती जोवर बदलत नाही तोवर कारणावाचून काही अडत नाही. परंतु साखर कमी घालण्याची इच्छा झाली, फूल निराळे मिळाले, किंवा गाव समुद्रसपाटीपासून उंचावर असले, की केवळ पाठ असलेले प्रमाण उपयोगी पडत नाही. यास्तव या कृतींमागील कारणपरंपरा समजून घेणे अगत्याचे आहे.

ती कारणपरंपरा एका विरोधातून उगम पावते. पाक टिकावा यासाठी त्यातील पाणी कमी करावे लागते, आणि पाणी कमी करण्याचा सर्वांत परिचित उपाय म्हणजे तो उकळून आटविणे. सुगंध तर बाष्पनशील द्रव्यांचा बनलेला असतो. वाफेबरोबर उडून जाणे हा त्याचा धर्मच होय. सारांश, टिकाऊपणासाठी जे करावे लागते तेच सुगंधास घातक ठरते. सरबतांच्या कृतींत जे नाना प्रकारचे भेद आढळतात ते या विरोधाचे परिहार आहेत, असे मानून चालल्यास बहुतेकांचा उलगडा होतो.

साखरेचे कार्य

साखर गोडीसाठी घातली जाते, हे अर्धेच सत्य आहे. पाकात तिचे मुख्य कार्य पाण्यास बांधून ठेवण्याचे असते. सूक्ष्मजंतूंच्या वाढीस पाणी लागते, आणि तेही मोकळे पाणी लागते. या मोकळ्या पाण्याचे माप म्हणजे जलसक्रियता. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १ धरली, तर वजनाने शेकडा ५० साखर असलेल्या पाकाची ती सुमारे ०.९३ आणि शेकडा ६५ साखर असलेल्या पाकाची सुमारे ०.८७ भरते. बहुतेक जंतूंची वाढ ०.९१ च्या खाली आणि सामान्य यीस्टची ०.८८ च्या खाली थांबते. या आकड्यांकडे पाहिले म्हणजे समभाग साखर व पाणी घेऊन केलेला पाक उघड्या फळीवर का टिकत नाही, आणि दोन भाग साखरेस एक भाग पाणी घेऊन केलेला का टिकतो, हे स्पष्ट होते. १९५५ च्या फळोत्पादन आदेशात बाजारी सरबतांचा विद्राव्य घनांश शेकडा ६५ हून कमी नसावा अशी अट होती. २०११ साली त्या आदेशाची जागा अन्नसुरक्षा व मानके विनियमांनी घेतली, तरी हा आकडा बदलला नाही.

शेकडा ६५ ही मर्यादा ओलांडून फार वर जाण्यातही लाभ नाही. २० अंश सेल्सियस तापमानास १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०४ ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे संपृक्त पाकात ती वजनाने शेकडा ६७ असते. त्याहून अधिक आटविलेला पाक थंड झाल्यावर साखरतो, तळाशी खडे धरतो, आणि खडे बसल्यामुळे वरचा पाक पुन्हा तेवढ्या प्रमाणात पातळ होतो. सरबताच्या पाकाला मोकळीक आहे ती एवढ्याच अरुंद पट्ट्यात.

हा पट्टा ओळखण्याची घरगुती कसोटी म्हणजे तार. अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये पाकाचा थेंब धरून बोटे हळूच विलग केली असता एक तार धरली, की पाक एकतारी झाला असे समजतात. समुद्रसपाटीस शेकडा ६५ साखरेचा पाक सुमारे १०४ अंशांस उकळतो. परंतु पुण्यात, सुमारे ५६० मीटर उंचीवर, शुद्ध पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळते. आणि महाबळेश्वरास, सुमारे १,३५० मीटरांवर, ते ९५ ते ९६ अंशांसच उकळते. मुंबईच्या तापमापकाचा आकडा प्रमाण मानून महाबळेश्वरात पाक केल्यास तो अपेक्षेहून कितीतरी अधिक आटेल. तारेची कसोटी पाकाच्या दाटपणावर अवलंबून असल्याने तिला उंचीची बाधा होत नाही. मात्र ती हाताच्या सवयीवर अवलंबून आहे. ज्यास ती सवय नाही त्याने तराजू वापरावा. रिकाम्या पातेल्याचे वजन करून ठेवावे. एक किलो साखर घातली असेल तर पाकाचे निव्वळ वजन १,५४० ग्रॅम भरताच त्यात साखर शेकडा ६५ झाली असे निश्चित समजावे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. एक किलो साखर व एक लिटर पाणी घेऊन प्रारंभ केला, तर ४६० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने घालवावे लागते. त्या पाण्यात आधीच फुले भिजविली असतील, तर त्यांचा सुगंध त्या वाफेबरोबर घरभर पसरतो आणि बाटलीत गोडी तेवढी उरते. उलट एक किलो साखरेस आरंभीच अर्धा लिटर पाणी घेतले, तर आटविण्याची आवश्यकताच राहत नाही. कारण तेवढ्या पाण्यात तेवढी साखर साध्या तापमानासही विरघळू शकते. म्हणून सुगंधी सरबतात पहिला नियम असा, की जेवढे पाणी पाकात शेवटी राहावयाचे तेवढ्याच पाण्यात सुगंध उतरवावा.

सुगंधाचे तीन प्रश्न

कोणतेही फूल वा मसाला हाती घेतला, की त्याच्या सुगंधाविषयी तीन प्रश्न विचारावे लागतात. त्याचे मुख्य द्रव्य पाण्यात विरघळते काय? ते पेशींत साठविलेले असते, की फूल जिवंत असताना क्षणोक्षणी निर्माण होते? आणि उष्णतेने ते नष्ट होते, की उलट उष्णतेनेच प्रकट होते? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून कृती जवळजवळ आपोआप ठरते.

गुलाब हे सरबतास सर्वांत अनुकूल फूल आहे, आणि त्याचे कारण पहिल्याच प्रश्नाच्या उत्तरात सापडते. गुलाबाच्या पाकळीतील प्रमुख सुगंधी द्रव्यांपैकी फेनिलएथिल अल्कोहोल हे पाण्यात चांगले विरघळते. एका लिटरमध्ये ते सुमारे २० ग्रॅमपर्यंत सामावते. त्याचा उत्कलनबिंदूही २२० अंशांच्या आसपास आहे. गुलाबाच्या अत्तरात त्याचे प्रमाण अल्प असते आणि गुलाबजलात ते भरपूर असते, याचे कारण हेच, की आसवनाच्या वेळी ते तेलाबरोबर न तरंगता पाण्यात राहते. सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल व नेरॉल ही गुलाबाची इतर द्रव्ये मात्र पाण्यात फारच थोडी विरघळतात व वाफेबरोबर सहज निघून जातात. म्हणून उकळलेल्या गुलाबाच्या सरबतात गुलाबाची ओळख तर पटते, परंतु ताज्या फुलाचा टवटवीतपणा त्यात नसतो. १९७० मध्ये गुलाबाच्या तेलात शोधून काढलेले डॅमॅसेनोन हे द्रव्य तेलात शेकडा एकाहूनही पुष्कळ कमी असते, तरी एकूण वासात त्याचा वाटा मोठा आहे. आम्ल व उष्णता यांच्या योगाने ते पाकळीतील अन्य संयुगांपासूनही मुक्त होते. फार शिजविलेल्या गुलाबाला शिजलेल्या फळासारखा वास येतो तो अंशतः त्यामुळे.

यावरून गुलाबाची रीत ठरते : कढत, पण उकळते नव्हे, असे पाणी पाकळ्यांवर ओतून झाकून ठेवणे. पाकळ्या गावठी गुलाबाच्या घ्याव्यात. शोभेच्या कलमी गुलाबांत रूप अधिक व वास कमी असतो. फुले सकाळी ऊन चढण्यापूर्वी खुडावीत. बल्गेरियातील कझानलाकच्या खोऱ्यात अत्तराचे गुलाब पहाटेपासून प्रहरभरातच तोडतात, तेही याच कारणासाठी. उन्हाबरोबर पाकळीतील तेल घटत जाते. पाकळीच्या देठाकडील पांढरा भाग कडवट असतो, तो काढून टाकावा.

मोगऱ्याची गोष्ट अगदी निराळी आहे. त्याच्या कळीत तयार सुगंध फारसा साठविलेला नसतो. सुगंधी द्रव्यांचा काही भाग शर्करेशी बांधलेल्या, वासरहित संयुगांच्या रूपात असतो. संध्याकाळी कळी उमलू लागली म्हणजे विकरांच्या क्रियेने ही बंधने तुटतात आणि रात्रभर सुगंध दरवळत राहतो. अशा फुलावर कढत पाणी ओतले, की विकरे निकामी होतात, फूल मरते व सुगंधाचा झराच आटतो. पाण्यास येतो तो शिजलेल्या पाल्याचा वास. मोगऱ्याचे सरबत फसते ते येथे. त्यास उपाय एकच, फूल जिवंत ठेवून त्याचा सुगंध टिपून घेणे. पिण्याच्या पाण्याच्या माठात मोगऱ्याची फुले सोडण्याची मराठी घरांतील चाल या तत्त्वाशी तंतोतंत जुळते. तीन प्रहरी खुडलेल्या कळ्या थंड पाण्यावर तरंगत ठेवून भांडे झाकावे. सकाळी फुले तांबूस होण्यापूर्वी काढून घ्यावीत. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात नव्या कळ्या सोडाव्यात. अशा दोनतीन रात्रींनंतर ते पाणी साखरेस योग्य होते. चीनमधील फूचौ येथे चहाच्या पानांस याच जातीच्या मोगऱ्याचा वास देतात तो पानांत रात्री कळ्या मिसळून. आणि उत्तर भारतात फुलेल करताना तिळांचे व फुलांचे थरावर थर देतात. माध्यम पाणी असो, पान असो वा तीळ असो, तत्त्व एकच.

केवड्याचा सुगंध त्याच्या नर पुष्पगुच्छावरील पिवळसर पानांत असतो. त्यातील प्रमुख द्रव्य फेनिलएथिल मिथिल ईथर हे असून ते गुलाबातील अल्कोहोलाचेच आप्त आहे. परंतु ते पाण्यात तितके विरघळत नाही व उडून जाण्यासही अधिक तत्पर असते. म्हणून केवड्याचा काढा करीत नाहीत. त्याचे जल आसवनाने काढतात. ओडिशातील गंजाम जिल्हा या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. हा वास इतका तीव्र असतो, की पाकाच्या बाटलीस लहानसा चमचाभर केवडाजल पुरे होते.

वाळ्याची मुळी या सर्वांच्या दुसऱ्या टोकास आहे. खुसिमॉल, व्हेटिव्होन इत्यादी तिची सुगंधी द्रव्ये जड, कमी बाष्पनशील व पाण्यात अत्यल्प विरघळणारी असून ती मुळीच्या काष्ठमय भागात घट्ट बसलेली असतात. वाळ्याचे तेल काढताना आसवन कित्येक तास चालू ठेवावे लागते ते याचमुळे. अशा मुळीस कढत पाणी बाधत नाही; उलट तेच लागते. मुळ्या माती निघेपर्यंत अनेक पाण्यांनी धुवाव्यात, बारीक कातराव्यात, उकळत्या पाण्यात टाकून झाकून रात्रभर ठेवाव्यात आणि सकाळी पुन्हा एक कढ आणून पाणी वस्त्रगाळ करावे. हे पाणी गवताच्या काडीसारखे फिकट पिवळे दिसते. बाजारातील वाळ्याच्या सरबताचा हिरवा रंग मुळीचा नसून वरून घातलेला असतो. घरी केलेले सरबत हिरवे झाले नाही म्हणून ते बिघडले असे समजण्याचे कारण नाही.

केशरात रंग, चव आणि वास यांसाठी तीन वेगळी द्रव्ये आहेत. रंग देणारे क्रोसिन पाण्यात उत्तम विरघळते. कडवट चवीचे पिक्रोक्रोसिन सुकविण्याच्या क्रियेत व उष्णतेने विघटित होऊन त्यापासून सॅफ्रॅनाल हे सुगंधी द्रव्य बनते. ताज्या फुलातील तंतूंना केशराचा परिचित वास जवळजवळ नसतो. तो सुकविल्यावर येतो. केशर किंचित शेकून, खलात साखरेबरोबर खलून, मग कोमट पाण्यात भिजविण्याची जुनी चाल म्हणूनच यथार्थ आहे. येथे उष्णता सुगंधाची जननी ठरते. एक ग्रॅम केशरास सुमारे दीडशे फुलांचे तंतू लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे खलण्याचे श्रम अधिक वाटत नाहीत.

मसाल्यांतही हेच भेद दिसतात. वेलदोड्याच्या दाण्यांतील सिनिओल व टर्पिनिल ॲसिटेट ही द्रव्ये चटकन उडून जातात. यास्तव वेलची ऐन वेळी साखरेबरोबर कुटून, पाक चुलीवरून उतरविल्यावर घालतात. साखरेचे रवे दाणे बारीक करण्यास साह्य करतात व सुटलेले तेलही धरून ठेवतात. दालचिनी आणि लवंग यांची द्रव्ये कठीण ऊतींत असल्यामुळे ती आख्खी घेऊन झाकलेल्या भांड्यात दहापंधरा मिनिटे मंद उकळावी लागतात. बडीशेपेतील ॲनेथोल पाण्यात फारच कमी विरघळते. म्हणून बडीशेप रात्रभर भिजवून वाटतात व गाळतात, आणि तिचे सरबत किंचित गढूळ असते. आल्याचा रस काही वेळ स्थिर ठेवला, की तळाशी पांढरा साका बसतो. तो न काढता रस पाकात घातल्यास पाक गढूळ व चिकट होतो. शिजविल्याने आल्यातील जिंजेरॉलचा काही भाग झिंजेरोनमध्ये बदलतो व तिखटपणा सौम्य होतो. त्यामुळे झणझणीत सरबत हवे असल्यास रस शेवटी आणि सौम्य हवे असल्यास आधी घालावा.

लवंगेतील युजेनॉल जंतुरोधक आहे खरे. परंतु चवीस सोसेल एवढ्या प्रमाणात त्यावर पाक टिकविण्याचा भार टाकता येत नाही. तो भार साखरेनेच वाहावयाचा असतो.

अग्नीविना पाक

आटविणे आणि सुगंध यांच्यातील विरोधाचा एक मार्मिक परिहार म्हणजे अग्नीच टाळणे. गुलकंद आणि कोकणातील अमृत कोकम ही याची ठळक उदाहरणे होत. कोकम हे फळ असले तरी त्याची रीत येथे बोधप्रद आहे. ताज्या कोकमाच्या साली व साखर यांचे थर बरणीत भरून, तोंडास दादरा बांधून ती उन्हात ठेवतात. साखर सालींतील पाणी ओढून घेते, त्या पाण्यात स्वतः विरघळते, आणि साधारण आठवड्यात रक्तवर्णी पाक तयार होतो. त्यात बाहेरचे पाणी नसते, उकळणेही नसते.

गुलाबाच्या पाकळ्यांत सुमारे शेकडा ८० पाणी असते असे धरल्यास गुलकंदातील साखरेच्या प्रमाणाचा हिशेब सहज मांडता येतो. एक किलो पाकळ्यांस एक किलो साखर घेतली तर सुटणाऱ्या ८०० ग्रॅम पाण्यात ती शेकडा ५५ च्या आसपासच भरते. हे प्रमाण सुरक्षित नव्हे. म्हणून समभागाचा गुलकंद अनेक दिवस उन्हात ठेवावा लागतो. दादऱ्यातून बाष्प निघून जाते व पाक घट्ट होतो. दुप्पट साखर घेतली तर प्रमाण शेकडा ७० पर्यंत जाते आणि फसफसण्याचे भय आरंभापासूनच राहत नाही. ढगाळ दिवसांत समभागाचा गुलकंद फसतो व दुप्पट साखरेचा टिकतो, यात ऋतूपेक्षा या हिशेबाचाच प्रभाव अधिक आहे.

रंग आणि आम्ल

गुलाब, जास्वंद, लाल अंबाडीची बोंडे आणि कोकम यांचा तांबडा रंग अँथोसायनिन वर्गातील द्रव्यांचा असतो. ही द्रव्ये आम्लात लाल व आम्लता घटल्यास जांभळट अथवा मळकट दिसतात. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनाबद्दल १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे रिखार्ट विल्स्टेटर यांनी तांबडा गुलाब आणि निळे कॉर्नफ्लॉवर यांत एकच सायनिन असल्याचे दाखविले होते. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळताच ते जांभळे होते, हा त्याच वर्गाचा गुणधर्म. विहिरीच्या जड पाण्यात क्षारता असते. अशा पाण्यात गुलाबाचा रंग विटका उतरतो.

यावरून पाकात लिंबाचा रस किंवा लिंबाचे सत्त्व का घालतात हे कळते. आम्ल रंग उजळविते. गोडीस धार आणते. आणि पाक तापत असताना साखरेच्या काही भागाचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन करून पाक साखरण्यास प्रतिबंध करते. एक किलो साखरेस दोन ते तीन ग्रॅम सत्त्व पुरेसे होते. बाजारी पेयांत घालतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हा लाल रंग उडविते, शिवाय दम्याच्या काही रुग्णांस ते बाधते. शेकडा ६५ साखरेच्या घरगुती पाकात त्याचे प्रयोजनही नाही.

आम्लाबरोबर भांड्याचाही विचार ओघानेच येतो. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणजे त्यात तांब्याचे क्षार उतरतात. ते आरोग्यास अपायकारक आहेत. लोखंडाच्या भांड्यात फुलांतील टॅनिनमुळे पाक काळसर होतो. पोलादी, काचेचे वा अभंग मुलाम्याचे भांडे या कामी निर्धोक होय.

गुलाबाचा पाक : एक उदाहरण

वर सांगितलेल्या तत्त्वांची जुळणी कशी होते ते एका उदाहरणाने दाखविता येईल. २५० ग्रॅम निवडलेल्या व हलक्या हाताने धुतलेल्या पाकळ्यांवर सुमारे ७० अंश तापमानाचे ६५० मिलिलिटर पाणी ओतावे आणि भांडे घट्ट झाकून आठ ते दहा तास ठेवावे. फडक्यातून पिळून घेतलेले पाणी मोजून ५०० मिलिलिटर घ्यावे; कमी भरल्यास साध्या पाण्याने पुरे करावे. त्यात एक किलो साखर व दोन ग्रॅम लिंबाचे सत्त्व घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत तापवावे. पाक सुमारे ८५ अंशांपर्यंत आणून काही मिनिटे तेथेच राखावा व उतरवावा. पाकळ्यांबरोबर आलेले यीस्ट एवढ्या तापाने नष्ट होते. आटविण्याची गरज नसल्याने झाकण काढावे लागत नाही, आणि झाकणाखाली जमलेला सुवासिक बाष्पांश पुन्हा पाकातच पडतो.

या पाकाचे वजन सुमारे १,५०० ग्रॅम आणि त्यातील साखर शेकडा ६६ ते ६७ असते. निवल्यानंतर त्यात ३० मिलिलिटरपर्यंत चांगले गुलाबजल घातले, तरी साखर शेकडा ६५ च्या खाली उतरत नाही. तापविताना हरवलेला हलका सुगंध भरून काढण्यास एवढी मोकळीक पुरेशी आहे. त्याहून अधिक गुलाबजल घालणे म्हणजे टिकाऊपणाच्या ठेवीतून उचल करणे होय. बाटल्या पाण्यात उकळून पूर्ण कोरड्या केलेल्या असाव्यात. गरम पाक अर्धवट भरून लगेच बूच लावले, तर आत जमलेले पाण्याचे थेंब पाकाच्या पृष्ठभागावर पडतात, तेथे पातळ थर तयार होतो, आणि बुरशी प्रथम तेथेच धरते. खालचा पाक निर्दोष असूनही बाटली टाकावी लागते, ती अशा चार थेंबांमुळे.

सावधगिरीच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट फुलांच्या निवडीची. प्रत्येक सुवासिक वा सुंदर फूल खाद्य नसते. कण्हेर व पिवळी कण्हेर यांत हृदयावर परिणाम करणारी तीव्र विषे आहेत. धोत्र्याचे सर्व भाग विषारी आहेत. उकळल्याने किंवा साखरेने ही विषे निष्प्रभ होत नाहीत. देवपूजेस चालते ते फूल पोटास चालते, हा समज सर्वथा सोडावा. खाद्य फुलेही हारतुऱ्यांच्या बाजारातून घेऊ नयेत. त्यांवर कीटकनाशके फवारलेली असण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट साखरेची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार मुक्त शर्करा दैनिक ऊर्जेच्या शेकडा १० हून कमी असावी आणि शेकडा ५ हून कमी, म्हणजे प्रौढ व्यक्तीस दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅम, असल्यास अधिक हितकर. शेकडा ६५ च्या पाकाचे ३० मिलिलिटर पेल्यात घेतले तर त्यातून सुमारे २६ ग्रॅम साखर पोटात जाते. ही चिंता रास्त आहे. परंतु तिच्यापोटी बाटलीतील साखर निम्मी करण्याचा जो उपाय केला जातो, तो चुकीच्या जागी केला जातो. त्याने पाक फसफसतो, आणि पेल्यातील गोडी राखण्यासाठी तो अधिक ओतावा लागून साखर पुन्हा तेवढीच होते. साखर कमी करावयाची तर ती पेल्यात करावी : पाकात सुगंध दुप्पट उतरवावा आणि पेल्यास पाक निम्मा घ्यावा. ज्यांना पातळ पाकच हवा असेल त्यांनी तो थोडा करून शीतकपाटात ठेवावा व थोड्या दिवसांत संपवावा.

उपसंहार

फेनिलएथिल अल्कोहोल आता कारखान्यांतून मुबलक तयार होते, आणि त्याच्या दोन थेंबांनी साखरेच्या पाण्यास गुलाबाचे नाव देता येते. खऱ्या गुलाबाच्या सुगंधात मात्र शेकडो द्रव्ये असतात, आणि त्यांतील अल्पतम प्रमाणातील द्रव्येच पुष्कळदा फुलाची ओळख पटवितात. घरगुती कृतीचे मोल या अल्पांशांच्या रक्षणात आहे. वाळा कढतात टाकावा, मोगरा थंडात सोडावा, केशर शेकून घ्यावे, वेलची पाक उतरविल्यावर घालावी, हे सारे संकेत कोणत्याही प्रयोगशाळेवाचून केवळ जिभेच्या व नाकाच्या साक्षीने स्थिर झालेले आहेत, आणि रसायनशास्त्राच्या कसोटीस ते उतरतात. त्यांना कारणांची जोड मिळाली, म्हणजे जे फूल जुन्या कृतींत नाही त्याचेही सरबत करता येते. त्याच्या सुगंधाचे तीन प्रश्न सोडवावेत, आणि अर्धा लिटर पाण्यास एक किलो साखर हे प्रमाण ढळू देऊ नये.